नाशिकचा पहिला ॲनिमेशनचा कारखाना



स्मरणिकेसाठी लेख मागायला फोन आला तेव्हा हुकूम असा होता की, "तुझ्या स्टुडिओबद्दल लिही, शून्यातून कसा उभा केलास ते." मी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडला. तीन माणसांचा स्टुडिओ नऊ माणसांचा झाला आणि आज पाच माणसांचा आहे, यात शून्यातून विश्व वगैरे काही नाही. पण लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. आमच्याआधी शंभर वर्षं याच गावात, याच धंद्यातला एक कारखाना उभा राहिला, गाजला आणि बंद पडला. आम्ही ज्या खड्ड्यांत पडलो त्यांतले बरेचसे त्या कारखान्याच्या वाटेवरही होते. म्हणून आधी त्याचा इतिहास सांगतो. आमची गोष्ट त्याच्या मागोमाग येईल.

हा इतिहास मला पहिल्यांदा कळला तो आठवीत, आपल्याच शाळेत. भूगोलाच्या वहीच्या कोपऱ्यात मी पानोपान एक माणूस काढत असे आणि पानं भराभर उलटून त्याला पळवत असे. चित्रकलेच्या सरांनी वही पकडली. आता कान पिळला जाणार म्हणून मी डोकं खाली घातलं. सरांनी पानं उलटून पाहिली, मग पुन्हा एकदा पाहिली. शिपाईमामांकडून काडेपेटी मागवून त्यांनी टेबलावर दहा-बारा काड्या मांडल्या आणि म्हणाले, "हे तू आज केलंस. फाळक्यांनी नाशकात १९१५ साली केलं, या काड्यांचं."

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला 'राजा हरिश्चंद्र' आठवतो आणि पांडवलेण्याच्या पायथ्याचं स्मारक आठवतं. आपली सहावीची सहल तिथेच जायची, लेणी चढायला. पण फाळके ॲनिमेशनवाल्यांचेही मूळपुरुष आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, आपल्या त्र्यंबकेश्वरचा. मुंबईचं जे. जे. कलाविद्यालय, मग बडोद्याचं कलाभवन असं त्यांचं शिक्षण झालं. चित्रकला, छायाचित्रण, छपाईचे ठसे आणि चक्क जादूचे प्रयोग, एवढ्या विद्या त्यांनी आत्मसात केल्या होत्या. छपाईचा धंदा चांगला चालला होता. भागीदारांशी पटेना म्हणून तो सोडला. हे 'भागीदारांशी पटेना' लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे. त्यानंतर मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण असेच पडद्यावर आणायचे या ध्यासाने त्यांना पछाडलं. १९१२ च्या सुरुवातीला ते लंडनला गेले, तंत्र पाहून आले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले.

आता भांडवल हवं होतं. रिकाम्या हाताने कोण पैसे देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून ठरावीक वेळाने एकेक चित्र घेत राहिले. महिनाभराहून जास्त दिवस हे चाललं. ती चित्रं सलग दाखवल्यावर पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटला, वेल वर चढला. 'अंकुराची वाढ' म्हणतात ती हीच फिल्म. ती पाहून यशवंत नाडकर्णींनी पैसे पुरवले. आपल्या सिनेमाला पहिलं भांडवल मिळालं ते असं, एकेक चित्र घेत महिनाभर धीर धरून केलेल्या कामावर. आम्ही आज गिऱ्हाइकाला मिनिटभराचा नमुना दाखवतो, त्याची ही पणजी.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला आणि चालला. त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड आणि कारखाना दोन्ही नाशकात हलवलं. पौराणिक चित्रपटाला लागणारे घाट, देवळं, नदी, डोंगर इथे तयारच होते. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' हे पुढचे चित्रपट नाशिकच्या मुक्कामात झाले. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या आपल्या पडद्यावरच्या पहिल्या अभिनेत्री दिसल्या. मुख्य चित्रपटाला 'पिठाचे पंजे'सारखा एखादा छोटा विनोदी तुकडा जोडायचा, हीही फाळक्यांची पद्धत. लोकांनी पूर्ण तिकिटाचे पैसे दिलेत, तर त्यांना थोडं जास्तच द्यावं, असा तो रोखठोक हिशोब.

कारखाना म्हणजे एकत्र कुटुंबच होतं. नट, सुतार, रंगारी, कॅमेरा धरणारे, सगळे एकत्र राहत, एकत्र जेवत. सरस्वतीबाई फाळके यांनी सुरुवातीला दागिने मोडून पैसा उभा करायला हातभार लावला होता. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आटोपून त्या रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडत, फिल्म धुवायला मदत करत. आमच्या धंद्यात श्रेयनामावली फार लांब असते. शंभर वर्षांपूर्वी तशी पद्धत असती, तर दुसरं नाव सरस्वतीबाईंचंच लागलं असतं.

१९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झालं, तिथेच राहून काम करण्याची बोलणीही झाली. ते नाही म्हणाले आणि परत आले. परत येतात तो महायुद्ध पेटलेलं. बाहेरून येणाऱ्या कच्च्या फिल्मची टंचाई झाली, भांडवलवाल्यांनी हात आखडता घेतला. मोठा चित्रपट काढणं अशक्य होऊन बसलं. या ओढगस्तीच्या काळातच, १९१५ साली, 'आगकाड्यांची मौज' झाली. नट नको, पोशाख नको, देखावे नकोत. काड्या जमवायच्या आणि वेळ घालवायचा.

हे करायचं कसं, ते सरांनी त्या दिवशी टेबलावर दाखवलं होतं. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. दांड्याच्या एका फेरीत साधारण आठ चित्रं निघत आणि सेकंदाला दोन फेऱ्या घेतल्या की सोळा चित्रं. काड्या नाचवायच्या तर हा ओघ थांबवून एका वेळी एकच चित्र घ्यावं लागतं. काडी केसभर सरकवा, चित्र घ्या. पुन्हा सरकवा, पुन्हा घ्या. एका मिनिटाला ९६० वेळा. मधे कुणाचा धक्का लागला, वाऱ्याने काडी हलली, खिडकीतलं ऊन सरकलं, की आधीची मेहनत वाया. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली जिवंत काड्यांची फिल्म केली होती. पण नाशकात शेजारीपाजारी विचारायला कुणी नव्हतं. फाळक्यांनी 'लक्ष्मीचा गालिचा'सारखे युक्तीचे आणखीही छोटे तुकडे केले.

'चित्रपट कसा तयार करतात' हा त्यांचा १९१७ चा माहितीपट. त्याचे काही तुकडे शिल्लक आहेत आणि त्यांत खुद्द फाळके काम करताना दिसतात. आपली कला लपवून ठेवायची नाही, दाखवायची, हा मास्तरी स्वभाव मला त्यात दिसतो. आज आमच्यातले अर्धे लोक दुसऱ्यांनी असंच मन मोकळं करून टाकलेले व्हिडिओ पाहूनच शिकले आहेत.

१९१७ साली 'लंका दहन' आला आणि दिवस पालटले. जमलेली चिल्लर पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात. आता भांडवलवाले स्वतःहून येऊ लागले. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने मोठ्या उद्योगपतींशी बोलणी झाली, पण ती फिसकटली. अखेर १९१८ साली वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी भागीदारांबरोबर 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' निघाली, नाशकातच. 'श्रीकृष्ण जन्म' आणि 'कालिया मर्दन' हे याच कंपनीचे. 'कालिया मर्दन'मधला बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. काम वाढलं, माणसं वाढली, पैसा आला. आणि लवकरच फाळक्यांचं पुन्हा भागीदारांशी पटेना. खर्च किती, वेळ किती, शेवटचा शब्द कुणाचा, याच त्या गोष्टी. ते कंपनी सोडून काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिलं आणि १९२२ मध्ये परत आले. पण आता घर जुनं असलं तरी कारभार दुसऱ्यांचा होता. १९३१ मध्ये 'आलम आरा' बोलू लागला आणि मूकपटांचा बाजार उठला. 'सेतुबंधन' हा त्यांचा शेवटचा मूकपट, त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. कंपनी बंद पडली. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला फाळके नाशकातच गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये.

सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट त्यांच्या नावावर सांगितले जातात. त्यातलं उरलं किती? 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं. तीही मूळची नसून १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची आहेत, असं अनेक अभ्यासक मानतात. 'कालिया मर्दन'चा बराच भाग राहिला, बाकी तुकडे. जे आहे त्यातलं बरंच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी शोधून काढलं. त्यासाठी ते नाशकात फाळके कुटुंबाकडेही आले होते. संग्रहालय स्थापन झालं १९६४ साली, तोवर दादासाहेबांना जाऊन वीस वर्षं झाली होती. 'आगकाड्यांची मौज' मात्र कुठेच नाही. ज्या फिल्ममुळे आपल्या गावाचं नाव ॲनिमेशनच्या इतिहासात पहिलं येतं, ती आज कुणालाही पाहता येत नाही.

मधला काळ झपाट्याने सांगतो. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ मध्ये 'जंबूकाका' हे कार्टून काढून पाहिलं. १९५६ च्या सुमारास डिस्नेकडचे क्लेअर वीक्स मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले राम मोहन पुढे भारतीय ॲनिमेशनचे गुरू झाले आणि १९७२ साली त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. विजया मुळे यांची 'एक, अनेक और एकता' १९७४ ची, ॲनिमेशन भीमसेन यांचं. चिमण्या आणि जाळं म्हटलं की ती आपल्या सगळ्यांना आठवते. आणि १९९३ साली आपण नववीत असताना रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, तेव्हा नाशिकचे रस्ते ओस पडायचे. तो जपानहून आला होता, हे तेव्हा कुणाच्या गावी होतं!

आता आमचं. दहावीनंतर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या जोरावर मी कलाविद्यालयात गेलो. २००० साली कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत पहिल्यांदा फ्लॅशवर हलतं चित्र पाहिलं आणि माझंही डोकं फिरलं. दहा वर्षं मुंबईत परदेशी मालिकांची कामं केली. दिवसभर दुसऱ्यांच्या पात्रांचे हात-पाय हलवायचे, श्रेयनामावलीत नाव नाही. २०११ मध्ये परत आलो. गंगापूर रोडच्या एका बंगल्याच्या गच्चीवरची खोली भाड्याने घेतली. बरोबर आपल्याच वर्गातले दोघे होते, एक पहिल्या बाकावरचा आणि एक शेवटच्या. नावं सांगत नाही, संमेलनात ओळखा.

पहिली फिल्म २०१२ ची, दोन मिनिटं दहा सेकंदांची. शाळा बुडवणाऱ्या एका खारीची गोष्ट. सेकंदाला बारा चित्रं धरली तरी दीड हजारांवर चित्रं झाली. दिवसा लग्नपत्रिका आणि बिल्डरांची माहितीपत्रकं करायची आणि रात्री खार काढायची, असे चार महिने गेले. गोष्ट सांगायला आवाज हवा होता. आम्ही तिघे आपल्या चित्रकलेच्या सरांच्या घरी गेलो. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. ते म्हणाले, "माझा आवाज घोगरा आहे रे." आम्ही म्हणालो, "सर, खारीला तुमचीच भीती वाटते, म्हणून तुमचाच पाहिजे."

खार चालली. इंटरनेटवर टाकल्यावर सातासमुद्रापारच्या मराठी घरांतून "पुढची कधी?" अशी विचारणा येऊ लागली. आम्ही अकरा गोष्टी केल्या. माणसं पाच झाली, मग नऊ. गच्चीवरून खाली आलो, दोन खोल्यांत. पण लोक पाहतात याचा अर्थ पैसे येतात असा नव्हे. जाहिरातींतून यायचं ते विजेच्या बिलाला पुरायचं. अशा वेळी, २०१६ मध्ये, एका कंपनीने आमची खार मागितली. मालिका करू म्हणाले, रक्कमही आमच्या दृष्टीने मोठी होती. नऊ घरांचे पगार डोळ्यांसमोर होते. करार आम्ही वाचला, पण कळला नाही. सही केली आणि खार, तिच्या अकरा गोष्टी, तिचं नाव, सगळं त्यांचं झालं. दीड वर्षात त्यांनी तो विभागच गुंडाळला. फिल्म्स इंटरनेटवरून उतरल्या. खार आम्ही जन्माला घातली आणि आता तिची शेपटी काढायलाही आम्हाला परवानगी लागते.

दोष मी कंपनीला देत नाही. सही आमची होती. पण त्यानंतर मी फाळक्यांचं चरित्र पुन्हा वाचलं आणि ज्या पानांवरून पूर्वी भरभर पुढे गेलो होतो तिथेच अडलो. गुणवत्ता कमी पडली म्हणून हे कारखाने बुडत नाहीत. काम वाढतं, त्याला भांडवल लागतं आणि भांडवलाबरोबर शेवटचा शब्द दुसऱ्याच्या हातात जातो. आणि ज्याच्या हातात मालकी असते त्याला ती जपावीशी वाटेलच, असं नसतं. आमच्या हार्ड डिस्क कोविडच्या वर्षात बंद खोलीत खराब झाल्या. फ्लॅशमध्ये केलेली जुनी दिवाळीची शुभेच्छापत्रं ३१ डिसेंबर २०२० नंतर इंटरनेटवर उघडेनाशी झाली. फाळक्यांच्या फिल्मचा ठावठिकाणा शंभर वर्षांत हरवला, आमच्या फिल्मचा आठ वर्षांत.

सर २०१८ साली गेले. या संमेलनात त्यांच्या आवाजातली खार दाखवावी असं सगळ्यांच्या मनात होतं. मला ती दाखवता येत नाही. लेख फाडण्याचं खरं कारण हे होतं.

पण गेल्या दिवाळीच्या साफसफाईत, त्या शेवटच्या बाकावरच्या मित्राच्या आईला माळ्यावरच्या डब्यात एक सीडी सापडली. त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणाची, कापाकापी करण्यापूर्वीची. खारीच्या गोष्टीआधी आवाज जुळवून घेण्यासाठी आम्ही सरांना काहीही बोला म्हणालो होतो. सरांनी काड्यांची गोष्ट सांगितली, आठवीतल्यासारखीच. दीड मिनिटाची आहे. मागे त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज येतो आणि काकूंनी ठेवलेल्या कपबशांचा. ही काही करारात नव्हती. सरांच्या घरच्यांना विचारलं, ते आनंदाने हो म्हणाले.

तेव्हा दोन विनंत्या करतो आणि थांबतो.

पहिली. जुन्या नाशकातल्या ज्यांच्या पणजोबांनी, खापरपणजोबांनी फाळक्यांच्या कारखान्यात सुतारकाम, रंगकाम, काहीही केलं असेल, त्यांनी एकदा माळा पाहावा. फिल्मचा पत्र्याचा गोल डबा दिसला तर तो घरी उघडत बसू नका, दिव्याजवळ तर मुळीच नेऊ नका. त्या काळची फिल्म पटकन पेट घेते. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. माळ्यावरच्या डब्यात काय सापडू शकतं, ते आम्ही पाहिलं आहे.

दुसरी. संमेलनाच्या दिवशी चित्रकलेच्या वर्गात एक टेबल, एक कॅमेरा आणि काड्या मांडलेल्या असतील. प्रत्येकाने यायचं, काडी केसभर सरकवायची, एक चित्र घ्यायचं, असं तीनदा. एकशे वीस जण आलो तर ३६० चित्रं होतील, म्हणजे तीस सेकंद. उरलेला एक मिनिट आम्ही पाच जण पुढच्या महिन्यात पुरा करू आणि त्यावर सरांचा आवाज बसवू. मालकी शाळेची राहील. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात, एक सरांच्या घरी आणि एक आमच्याकडे ठेवू.

काडेपेटी ज्याने त्याने आपापली आणायची आहे. शिपाईमामा आता निवृत्त झाले आहेत.